बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशा रीतीने प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवून सारा पट भरावा, एवढेच मागणे ह्या खेळाच्या जनकाने आपल्या राजापाशी मागितले, ही कथा अनेक घरांतून लहानपणी सांगितली जाते. कोणी तांदळाचे दाणे सांगतो, तर कोणी गव्हाचे. राजास ते मागणे इतके क्षुल्लक वाटले की, एवढ्या बुद्धिमान पुरुषाने इतके थोडे मागावे ह्याचा त्याला रागच आला. पुढे कोठीवरच्या कारभाऱ्यांनी हिशेब केला, तेव्हा राज्यातील सारी कोठारे रिती केली तरी मागणे पुरे होणार नाही, असे दिसून आले. तेराव्या शतकातील अरब चरित्रकार इब्न खल्लिकान ह्याने ही कथा नोंदविली असून त्या विद्वानाचे नाव त्याने सिस्सा असे दिले आहे.

कथा खरी असो वा नसो, तिच्यातील संख्या मात्र खरी आहे. ती अशी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकांची ही संख्या नुसती मोठी आहे म्हणून महत्त्वाची नव्हे. तिच्या पोटात गणितशास्त्राची अनेक दालने दडलेली आहेत, आणि त्यांतील एका दालनात ह्या स्मरणिकेच्या वाचकांचे स्वतःचे घराणेही सापडते.

दाण्यांचे वजन

संख्येचा आवाका नुसत्या अंकांवरून कळत नाही. तो वजनावरून कळतो. तांदळाचे सुमारे ४० दाणे एका ग्रॅमला लागतात असे धरू. मग पटाची पहिली ओळ भरली की २५५ दाणे होतात. ही जेमतेम एक चिमूट झाली. दुसऱ्या ओळीअखेर एकूण ६५,५३५ दाणे, म्हणजे दीड किलोहून थोडे अधिक. तिसऱ्या ओळीअखेर सुमारे ४२० किलो. इथपर्यंत राजा हसत असेल आणि त्याचे हसणे वावगेही नव्हते. चौथ्या ओळीअखेर, म्हणजे पट निम्मा भरला असता, १०७ टन तांदूळ लागतो. कोणत्याही राजास हे सहज झेपण्यासारखे आहे.

खरा प्रकार ह्यापुढे सुरू होतो. पाचव्या ओळीअखेर २७ हजार टन, सहाव्या ओळीअखेर ७० लक्ष टन, सातव्या ओळीअखेर १८० कोटी टन आणि आठव्या ओळीअखेर ४६ हजार कोटी टन! आज साऱ्या जगात वर्षाकाठी सुमारे ५० कोटी टनांहून थोडा अधिक तांदूळ तयार होतो. तेव्हा सिस्साचे मागणे पुरविण्यास साऱ्या पृथ्वीवरील शेतकऱ्यांना सुमारे नऊशे वर्षे राबावे लागेल, आणि त्या काळात कोणी एक शीतही खाता कामा नये. पटाच्या पहिल्या अर्ध्यात एका वखारीइतका माल आणि दुसऱ्या अर्ध्यात सारी पृथ्वी, हाच दुपटीचा स्वभाव होय. ती आरंभी मुंगीच्या पावलांनी येते आणि शेवटी महापुरासारखी लोटते.

हे दाणे नुसते मोजावयाचे म्हटले तरी काय होईल? सेकंदाला एक दाणा, रात्रंदिवस, विसावा न घेता मोजला तर ५८,४५० कोटी वर्षे लागतील. पुराणांतील कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आहे. म्हणजे मोजणी पुरी होण्यास १३५ कल्प हवेत. आजच्या शास्त्रज्ञांनी काढलेले विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. ते ह्या मोजणीच्या बेचाळिसाव्या हिश्श्याइतकेच भरते.

परार्धाच्याही पलीकडे

एवढ्या मोठ्या संख्येस नावे तरी कोठून आणावयाची? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथात (इ. स. ११५०) एकं, दहं, शतं, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. ह्या नावांनी पटावरची संख्या वाचावयाची तर ती अशी होईल: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, सहाशे पंधरा. निखर्वाच्या आणि कोटीच्या स्थानी शून्य आहे. व्यवहारास पुरे झाले म्हणून आचार्यांनी जेथे नावे थांबविली, त्या परार्धाच्या पलीकडे ही संख्या दोन स्थाने पोचते.

भास्कराचार्य हे सह्याद्रीच्या आश्रयास राहणारे गणिती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिला. त्यासंबंधीचा इ. स. १२०७ चा शिलालेख खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे, आणि त्याचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. लीलावतीत दुपटीचे एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, ह्या कोष्टकाने ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या एवढे होते. दोन कवड्यांनी सुरू झालेले दान महिनाअखेर लाखभर निष्कांवर जाते! योगायोग असा की, ह्या उत्तरात एक कवडी मिळविली तर येणारी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः ह्यांवाचून दुसऱ्या कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ऑयलर ह्या थोर गणितज्ञाने इ. स. १७७२ पर्यंत ते सिद्ध केले होते.

एवढे गुणाकार कोणी कंटाळल्यावाचून कसे करावेत, ह्याचीही युक्ती लीलावतीत आहे, आणि तिचे मूळ त्याहून पुष्कळ जुन्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. संख्या सम असेल तर निम्मी करावी व ‘वर्ग’ असे लिहावे. विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ असे लिहावे. मग शेवटाकडून उलट यावे. चौसष्टाचे निम्मे बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन, एक, असे सहा वर्ग झाले. म्हणून दोनापासून निघून केवळ सहा वेळा वर्ग करावयाचा: ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि सहाव्या खेपेस पटावरच्या संख्येहून एकाने अधिक अशी संख्या हाती येते. त्यातून एक उणा केला की काम झाले. त्रेसष्ट वेळा दुप्पट करून त्रेसष्ट बेरजा करण्याचे कष्ट सहा गुणाकारांत आटोपतात. अल्-बीरूनी ह्या विद्वानाने इ. स. १००० च्या सुमारास वर्गांच्याच मार्गाने हा हिशेब करून अचूक संख्या दिली होती.

पिंगलास ह्या दुपटीची गरज का पडली? पद्याच्या चरणातील प्रत्येक अक्षर लघु तरी असते किंवा गुरू तरी. म्हणून एक अक्षर वाढले की रचनांचे प्रकार दुप्पट होतात. अनुष्टुभ् श्लोकाची अक्षरे बत्तीस. केवळ लघुगुरूंचा विचार केला तर बत्तीस अक्षरांच्या रचना ४,२९,४९,६७,२९६ होतात, आणि अर्ध्या पटावरील दाणे त्याहून फक्त एकाने कमी आहेत. धान्य, कवड्या आणि छंद ह्यांच्या मुळाशी एकच गणित आहे.

संख्येच्या अंतरंगात

आता संख्येचे गुणधर्म पाहू. पटावरील कोणत्याही घरात, त्याच्या आधीच्या सर्व घरांत मिळून जेवढे दाणे असतात त्यांहून एक दाणा अधिक असतो. पाचव्या घरात १६, तर आधीच्या चारांत मिळून १५. चौसष्टावे घर एकटेच उरलेल्या त्रेसष्ट घरांस एका दाण्याने मात देते.

ह्याच गुणामुळे एक मोठी सोय होते. दुकानदारापाशी १, २, ४, ८, १६ आणि ३२ शेरांची एकेकच वजने असली तर १ पासून ६३ पर्यंतचे कोणतेही पूर्ण वजन त्याला तोलता येते, आणि तेही प्रत्येक वेळी एकाच रीतीने. पटावरची चौसष्ट घरे ही जणू चौसष्ट वजने होत. घर घ्यावयाचे की सोडावयाचे एवढे ठरविले की एकापासून ह्या वीस अंकी संख्येपर्यंतची प्रत्येक संख्या तयार होते. आजच्या संगणकातही नेमके हेच घडते. चौसष्ट कळी, प्रत्येक चालू किंवा बंद. आणि साऱ्या चालू असता जी संख्या दिसते ती सिस्साची.

ह्या संख्येला कशाकशाने भाग जातो? शेवटचा अंक ५, म्हणून पाचाने जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून तिनाने जातो, पण नवाने जात नाही. सातांत सारखी वाटणी केली तर एक दाणा उरतो. पण खरी गंमत मूळ अवयव पाडताना कळते. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतील सूत्र पुन्हा पुन्हा लावले की ही संख्या सहा संख्यांचा गुणाकार होऊन समोर येते: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. लीलावतीच्या युक्तीने आलेल्या पायऱ्या पाहाव्या. २, ४, १६, २५६ इत्यादींमध्ये एकेक मिळविला की हेच सहा अवयव होतात.

ह्यांपैकी पहिले पाच मूळ संख्या आहेत. त्यावरून फ्रान्समधील थोर गणिती फर्मा ह्याने इ. स. १६४० च्या सुमारास असे मत मांडले की, ह्या रीतीने मिळणाऱ्या साऱ्याच संख्या मूळ असाव्यात. फर्माचे अनुमान सहसा चुकत नसे. येथे मात्र चुकले. सुमारे शंभर वर्षे ते कोणी खोडू शकले नाही. इ. स. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की सहावा अवयव मूळ नाही: ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. त्यासाठी आंधळेपणाने हजारो भागाकार करण्याची गरज नव्हती. ह्या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवास ६४ ने भागता एकच उरला पाहिजे, हेही त्याने पुढे सिद्ध केले. तशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नासच भाग निःशेष जातो. पटाच्या घरांची संख्या अशी आतल्या हिशेबातही पुन्हा डोके वर काढते.

तेव्हा पटावरच्या संख्येचे मूळ अवयव सात झाले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सातही भिन्न, म्हणून प्रत्येक घ्यावा किंवा सोडावा अशा निवडीने तिचे एकूण भाजक १२८ होतात. दुपटीने जन्मलेल्या संख्येच्या भाजकांतही दुपटीचाच खेळ चालतो.

अर्ध्या पटाची संख्या तर आणखी नवल दाखविते. ४,२९,४९,६७,२९५ हा ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ ह्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. इ. स. १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसता, जर्मनीतील गाउस ह्याने नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते असे सिद्ध केले. दोन हजार वर्षांत भूमितीस जे साधले नव्हते ते त्याने साधले. विषम बाजूंची सुसम आकृती ह्या साधनांनी काढता येण्यास बाजूंची संख्या अशा मूळ संख्यांपासूनच, प्रत्येक एकदाच घेऊन, बनलेली असावी लागते. ह्या जातीच्या पाचच मूळ संख्या आजवर ज्ञात आहेत. सहावी सापडलेली नाही. म्हणून अशा ज्ञात आकृतींपैकी सर्वांत अधिक बाजूंची आकृती अर्ध्या पटावर जेवढे दाणे तेवढ्याच बाजूंची आहे.

ह्याच संख्येची आणखी एक कथा काशीच्या नावाने सांगितली जाते. तेथील एका देवळात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून पुजारी त्या एकीवरून दुसरीवर हलवीत आहेत, लहान चकतीवर मोठी ठेवावयाची नाही, आणि शेवटची चकती हलली की जगाचा अंत होईल, अशी ती कथा. त्यास चाली लागतात त्या नेमक्या पटावरील दाण्यांइतक्या. पण ही कथा काशीची नव्हे. इ. स. १८८३ मध्ये एदुआर ल्युका ह्या फ्रेंच गणितज्ञाने हे कोडे खेळण्याच्या रूपाने बाजारात आणले, आणि कथा त्याच्या मागोमाग फ्रान्समध्येच रचली गेली. गणित खरे असले म्हणजे त्याला जोडलेली दंतकथाही खरी ठरते, असे नाही.

हिशेब आणि पूर्वज

राजा फसला तो दुष्ट होता म्हणून नव्हे. त्याने हिशेब केला नाही म्हणून. हिशेब दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे काय होते, हे मॉरिशसच्या मातीस वेगळे सांगावयास नको. २ नोव्हेंबर १८३४ रोजी जेथे गिरमिटियांची पहिली तुकडी उतरली, तेथे पुढील काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे आली. कोकणातून मुंबई बंदरामार्गे आलेले मराठी मजूर त्यांतच होते. ही साडेचार लाख संख्या पटाच्या विसाव्या घरातील ५,२४,२८८ दाण्यांपेक्षाही कमी आहे. महिना पाच रुपये मजुरी, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची ती कुप्रसिद्ध दुहेरी कपात. सव्वीस दिवसांच्या महिन्यात तापाने तेरा दिवस अंथरूण धरले तर हाती शून्य येई. येथेही दुपटच होती, पण ती मजुराच्या विरुद्ध चालणारी. करारनाम्यावर फुली करणाऱ्या माणसास हा गुणाकार कोणी समजावून देत नव्हते. त्यांच्या मुलानातवंडांनी पाटी-पेन्सिल हाती धरण्यासाठी जे हाल सोसले, त्यांचे मोल ह्या एका उदाहरणाने ध्यानात यावे.

आलेल्या प्रत्येकास नोंदवहीत एक क्रमांक मिळे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि आपल्या मूळ पुरुषाचा शोध घेणारी माणसे तेथे जातात. सहसा एकच नाव शोधले जाते. पण पटाचा हिशेब काही निराळे सांगतो. पहिल्या घरात स्वतः एक, दुसऱ्यात आईबाप दोन, तिसऱ्यात आजे-आज्या चार, चौथ्यात आठ. वंशवृक्ष हा बुद्धिबळाचाच पट होय. पाच पिढ्या मागे गेले की बत्तीस पूर्वज येतात, आणि त्यांतील सोळा स्त्रिया. घराण्यात एक नाव उरले असेल. जहाजातून उतरलेली, उसाच्या शेतात राबलेली बाकीची माणसे नावांवाचून उभी आहेत, पण त्यांच्यावाचून पहिल्या घरातला दाणा पडलाच नसता.

आणखी मागे जावे. एका पिढीस पंचवीस वर्षे धरली तर भास्कराचार्यांचा काळ सुमारे पस्तीस पिढ्या मागे पडतो. त्या पिढीत प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा ३,४३६ कोटी होतात. त्या काळी साऱ्या पृथ्वीवर पन्नास कोटी माणसेही नव्हती! मग हिशेब चुकला काय? नाही. पटावर प्रत्येक दाणा नवा असतो. वंशवृक्षात मात्र एकच पूर्वज अनेक जागांवर पुन्हा पुन्हा येतो. आईकडची वाट आणि बापाकडची वाट मागे कोठेतरी एकाच उंबरठ्याशी मिळते. आज ज्या दोन कुटुंबांस परस्परांचे नावही ठाऊक नाही, त्यांच्या वाटाही तशाच मिळतात. एका गावचे आणि दुसऱ्या गावचे, एका जहाजाचे आणि दुसऱ्या जहाजाचे, असे भेद पटाच्या उत्तरार्धात टिकत नाहीत. तेथे तेवढी निराळी माणसेच नसतात.

सिस्साच्या राजास दुसऱ्या अर्ध्या पटाने त्याचे दारिद्र्य दाखविले. ज्यांचे पूर्वज केवळ एक क्रमांक गळ्यात बांधून परक्या बंदरात उतरले, त्यांना तोच अर्धा पट त्यांची श्रीमंती दाखवितो. नोंदवहीतला क्रमांक एकाच माणसाचा होता; त्याच्यामागे उभी असलेली माणसे कोणत्याही नोंदवहीत मावणारी नव्हती.